कलम दोनचे देवराव

देवराव रिटायर झाले तेव्हा ऑफिसने त्यांना शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि तिसऱ्या आठवड्यात परत बोलावून घेतलं. कारण सरळ होतं. त्यांच्यासारखं कलम दोन लिहिणारं तिथं दुसरं कुणी नव्हतं.

कलम दोन म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आपल्याकडच्या बहुतेक कायद्यांत पहिल्या कलमात कायद्याचं नावगाव असतं आणि दुसऱ्यात व्याख्या. या कायद्यापुरतं दुकान कशाला म्हणायचं, कामगार कुणाला म्हणायचं, वेतनात काय काय धरायचं. सामान्य माणूस हे कलम वाचत नाही. वकील आधी तेच वाचतो, कारण सुटायची वाट असली तर तिथूनच असते. मी लॉ कॉलेजात एकतीस वर्षं ग्रंथपाल होते, तेव्हा कोणतं पान किती मळतं हे मला विचारा.

देवराव मला भेटले तेही तिथंच. मसुदे लिहिणाऱ्या एका सरकारी कार्यालयात ते कारकून होते आणि संध्याकाळच्या वर्गाला यायचे. बाकीची मुलं गाईडं मागायची. हा माणूस जुने कायदे मागायचा, आणि दुसरं कलम वाचून झालं की पुस्तक परत.

"पुढचं वाचत नाही का हो तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"पुढं काय, मॅडम, दंड किती नि अपील कुठं. माणूस आत का बाहेर ते इथंच ठरतं."

हे त्यांचं वेड वडिलांकडून आलेलं. देवराव पाच वर्षांचे असताना घर देगलूरकडच्या खेड्यातून हैदराबादला आलं आणि वडील गौलीगुड्याला एका टेलरच्या दुकानात मशीनवर बसले. बसस्टँड जवळ, म्हणून काम बहुतेक कंडक्टरांच्या खाकी शर्टांचं. वडील शर्ट आधी कच्च्या टाक्यांनी जोडायचे, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचे आणि म्हणायचे, "हात वर करा." कंडक्टरचा अर्धा दिवस वरची दांडी धरण्यात जातो. हात खाली असला की कुठलाही शर्ट बसतो. वर केला की काखेत कुठं ओढतंय ते दिसतं. ओढलं की टाके उसवायचे आणि पुन्हा जोडायचं.

देवराव व्याख्येचं तेच करायचे. मसुद्याचा कागद टाइप होऊन आला की समासात पेन्सिलीने ओळखीच्या माणसांची नावं लिहायचे. पानवाला, दाताचा डॉक्टर, शेजारचे रेल्वेतले गार्ड, ज्यांच्या तीन ऑटो भाड्याने फिरतात ते काका. प्रत्येकापुढे 'आत' किंवा 'बाहेर'. जो आत यायला हवा तो बाहेर राहिला, किंवा बाहेरचा आत ओढला गेला, की वाक्य उसवायचं. सगळं जुळलं की खोडरबराने नावं पुसायची आणि कागद वर पाठवायचा. नावं ते मराठीत लिहायचे. ऑफिसात तेलुगू वाचणारे, इंग्रजी वाचणारे, उर्दू वाचणारे दोघे. मराठी वाचणारं कुणीच नाही.

"कुलूपच आहे, मॅडम," ते म्हणायचे. "किल्ली माझ्याकडं."

घरीही तीच गत. मुलगा प्रबुद्ध मराठी बोलतो, पण वाचायला दिलं तर अक्षरं जुळवत जुळवत चहा गार करतो. चाळीस वर्षांत देवरावांचं ते कुलूप कुणी उघडलं नव्हतं. म्हणूनच पुढची चूक झाली.

आता भागूबाई. देवरावांची थोरली बहीण, वय सत्तर, उंच, आवाज मोठा. काचीगुडा स्टेशनच्या मागच्या गल्लीत तिची खानावळ आहे. तिची म्हणते खरी, पण तिच्यासमोर असं म्हणायची सोय नाही. बारा बायका ती खानावळ चालवतात आणि भागूबाई त्या बारातली एक. दारात एक पाटी असते. त्यावर रोज एकीचं नाव लिहितात. ज्या दिवशी जिचं नाव त्या दिवशी ती दारात बसून पैसे घेते, भाजी काय करायची ते ठरवते आणि भांडण झालं तर निकाल देते. बाकीच्या चुलीपाशी. रविवारी खर्च वजा जाता जे उरेल त्याचे बारा सारखे भाग. भागूबाईचाही तेवढाच. परवाना तेवढा तिच्या नावावर, कारण फॉर्मवर एकाच नावाला जागा होती.

यामागे कारण आहे. त्यांची आई गावात दुसऱ्याच्या रानात राबायची. रानाचा मालक बांधावरून गेला तरी आईनं हातातलं खुरपं ठेवून उभं राहायचं, तो दिसेनासा होईपर्यंत. भागूबाईनं हे दहा वर्षं पाहिलं. हैदराबादेत आल्यावर तिनं घरात 'मालक' हा शब्दच बंद केला. खानावळ काढली तेव्हा पहिल्या दिवशी तिनं इतर बायकांना सांगितलं, इथं कुणी कुणासाठी उठायचं नाही.

माझ्या आजोबांना आमच्या गावात सगळे मालकच म्हणत. हे मी तिथं जेवायला लागल्याच्या पहिल्याच महिन्यात भागूबाईला सांगून टाकलं. ती म्हणाली, "म्हाईत हाय. भात वाढू?"

नऊ वर्षं मी तिथं दुपारी जेवते. ज्वारीची भाकरी, डाळ, आणि आठवड्यातून दोनदा अंबाडीची भाजी, जिला इथं आमच्यासकट सगळे गोंगुराच म्हणतात. देवरावही ऑफिसातून तिथंच यायचे. पेन्सिल त्यांच्या कानावरच असायची.

गेल्या वर्षी त्यांच्या टेबलावर एक नवा मसुदा आला. शहरातल्या बससाठी उपकर. बायकांना बस फुकट झाल्यापासून बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही. नव्या बस हव्यात, त्यांना पैसा हवा. तेव्हा शहराच्या हद्दीत ज्याच्याकडे दहा किंवा जास्त माणसं पगारावर असतील, त्या मालकाने पगाराच्या एकूण रकमेवर थोडा उपकर भरायचा. कामगाराच्या पगारातून कापायचा नाही, पदरचा भरायचा. कल्पना बरी होती. बसने यायचं माणसानं, पण तो वेळेवर पोचला तर फायदा मालकाचा.

देवराव जेवताना खुशीत होते. "मॅडम, तुमच्याकडं एक मोलकरीण. तुम्ही बाहेर."

"आभारी आहे."

"दाताचे डॉक्टर, माणसं सहा. बाहेर. प्रशांत केटरर, पोरं दीडशे. आत. पण तिथंच तर ओढतंय."

प्रशांत म्हणजे गौलीगुड्याच्या भांडीवाल्या एकनाथरावांचा मुलगा. इथल्याच मराठी लोकांतला, लग्नाच्या जेवणाचा मोठा धंदा. हुशार आहे. मागे एक कायदा लागू होणार असं दिसलं तेव्हा त्यानं वाढप्यांपासून भांडी घासणाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या सह्या घेऊन त्यांना कागदावर भागीदार करून टाकलं. भागीदाराला पगार नसतो, मग मालक कुठला? पोरांना विचारलं तर म्हणतात, "सेठ रोजचे सातशे देतो." पण कागद कागद असतो.

त्याला आत घ्यायला देवरावांनी व्याख्येत एक वाक्य घातलं: ज्याच्या नावावर धंद्याचा परवाना, तो त्या जागी काम करणाऱ्या सगळ्यांचा मालक समजला जाईल, कागदावर नातं काहीही असो. साधं, घट्ट वाक्य. समासात लिहिलं, प्रशांत आत. मग त्यांनी समोर पाहिलं. समोर बहीण डाळ वाढत होती.

त्यांनी तिला तिथंच सांगितलं. लपवायची कला त्यांना नव्हती.

"अक्का, परवाना तुझ्या नावावर हाय. माणसं बारा. या वाक्यानं तू मालक होतीस."

भागूबाईनं डाळीचं भांडं खाली ठेवलं. "काय भरावं लागंल?"

"तसं फार नाही."

"मग घे की पैशे. बस पायजेच. मंगला उप्पलहून दोन बस बदलून येते. लोंबकळत येते. पैशाला कोण नको म्हणतंय? मालक तेवढं लिवू नको."

"पैसे मालकच भरतो, अक्का. दुसरा रकानाच नाही."

"मग रकाना कर."

"आणि सरकारी शब्द मालक नाहीये. नियोक्ता म्हणतात."

"त्याच्या पोटात तेच हाय ना?"

देवरावांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"ऐक, देवा," ती म्हणाली. "कायद्यात माझ्या नावापुढं ते बसलं ना, त्या दिवशी मी चूल विझवणार. या पोरींना मी पहिल्या दिवशी जबान दिली. परवाना फाडून टाकीन, खोलीची चावी घरवाल्याला देऊन येईन. खालीपिली धमकी देत नाही मी."

ती धमकी देत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. मंगला भाकरी थापायची थांबली होती. बारा जणींत नवरा कमावतो अशा दोघी. बाकीच्यांचं घर रविवारच्या वाट्यावर. मी म्हटलं, "भागूबाई, एका शब्दासाठी बारा घरं?" ती म्हणाली, "तुम्हाला न्हाई कळायचं, कुसुमताई," आणि त्यात राग नव्हता.

देवराव पुढचे तीन आठवडे त्या वाक्याशी झुंजत होते. प्रशांत आत यायला हवा आणि भागूबाई बाहेर राहायला हवी, आणि वाक्य तर दोघांना एकच. दोघांच्या नावावर परवाना, दोघांकडची माणसं भागीदार म्हणवणारी. फरक कुठं? एक दिवस ते जेवता जेवता थांबले आणि मला म्हणाले, "प्रशांत एखाद्या पोराला उद्यापासून येऊ नको म्हणू शकतो का?"

"रोज म्हणतो."

"अक्का म्हणू शकते का?"

मी म्हटलं, "भागूबाई कुणालाही काहीही म्हणू शकते."

"चेष्टा नको, मॅडम. एकटी. बाकीच्यांना न विचारता."

त्यांनी भागूबाईला विचारलं. "अक्का, आजवर कुणाला काढलंस का खानावळीतून?"

ती पाठमोरी होती. "कामून काढीन? बायका आपल्या आपल्या जातात."

"गंगू गेली ती?"

"ती लेकीकडं गेली, निजामाबादला."

देवरावांनी पेन्सिल काढली. नवं वाक्य झालं. मिळकत सगळ्यांत सारखी वाटली जात असेल, आणि कुणाही एका माणसाला दुसऱ्याला एकट्याने काढून टाकता येत नसेल, तर तिथं मालक नाही. समासात त्यांनी लिहिलं, 'भागू बाहेर. प्रशांत आत, पोरं पगारी.' खाली आणखी नऊ नावं. सगळी जुळली. त्या दिवशी त्यांनी दोनदा भात घेतला.

चूक दुसऱ्या दिवशी झाली. त्यांना ताप आला आणि ते घरी राहिले, नावं पुसायची राहून गेली. मसुदा लोकांच्या हरकतींसाठी वेबसाइटवर टाकायची तारीख होती. ऑफिसातल्या कुणीतरी त्यांच्या टेबलावरचा कागद उचलला, स्कॅन केला आणि चढवला. समासात पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं, पण ते वाचता येत नव्हतं. साहेबांची काहीतरी खूण असेल, असं त्या माणसाला वाटलं. देवरावांनी आयुष्यभर ज्या कुलपावर भरवसा ठेवला ते ऑफिसात शाबूत राहिलं आणि सगळ्या शहराला उघडं पडलं. या शहरात मराठी वाचणारे कमी नाहीत. आणि कायदे चुकवणाऱ्या केटररला असले कागद तर रोज तपासून बघावे लागतात.

सुनावणी सकाळी अकराला होती. मी गेले, कारण भागूबाई जाणार होती आणि तिला पायऱ्या चढताना हात लागतो. तिनं तसं म्हटलं नाही, मीच धरला. हॉलमध्ये साठेक माणसं. हॉटेलवाले, दोन शाळांचे व्यवस्थापक, वेतनात जेवण धरायचं का यावर तावातावाने बोलणारा एक हॉस्टेलवाला. पुढे टेबलावर अध्यक्षबाई, तेलुगू, पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर. त्यांच्या डाव्या हाताला देवराव, तापातून उठलेले.

प्रशांत उठला. हातात मोबाइल, त्यावर ते पान.

"मॅडम, मेरा ऑब्जेक्शन छोटा है. इथं समासात मराठीत काही लिहिलंय. ते काकांनी वाचून दाखवावं."

देवरावांनी पान पाहिलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते सांगत नाही. माणसाचा होतो तसा झाला.

"वाचा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

आणि देवरावांनी वाचलं. सगळं. खालच्या नावापासून वर जात, एकही नाव न गाळता, प्रत्येकाचं हिंदीत भाषांतर करत. "पानवाला यादगिरी, बाहेर. डेंटिस्ट, माणसं सहा, बाहेर. कुसुमताई, मोलकरीण एक, बाहेर." लोकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "प्रशांत केटरर, आत, कागदावर भागीदार, पोरं पगारी."

हॉटेलवाले हसले. प्रशांतही हसला. "बरोबर आहे, काका. मला आत घेतलं, शिकायत नाही. पण सगळ्यात वरचं नाव राहिलंय."

"भागू, बाहेर."

"भागू कोण?"

"माझी बहीण."

प्रशांत खाली बसला. त्याचं काम झालं होतं.

अध्यक्षबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तेलुगूतलं मानाचं गारू लावून विचारलं, "देवरावगारू, ही सूट तुम्ही बहिणीसाठी लिहिली?"

"बहीण समोर ठेवून लिहिली," देवराव म्हणाले. "प्रशांतला समोर ठेवून ते परवान्याचं वाक्य लिहिलं. माणूस समोर ठेवल्याशिवाय मला लिहिता येत नाही."

"ते आधी सांगायला हवं होतं."

"हो. हवं होतं."

बाई चिडलेल्या नव्हत्या, पण सौम्यही नव्हत्या. त्यांनी सूट पुन्हा वाचली आणि विचारलं, "खानावळवाल्या इथं आहेत का?"

भागूबाई उठली. तिला हिंदी येते, पण आमची इथली, हैदराबादी.

"अम्मा, तुमच्याकडं मिळकत सारखी वाटतात?"

"हौ. बारा हिस्से. कोई भी आके देखो."

"आणि कुणाला काढायचं झालं तर कोण काढतं? तुम्ही एकट्या काढू शकता का?"

इथं भागूबाईनं नाही म्हणायचं होतं. एक शब्द. देवरावांची इभ्रत, खानावळ, तिचा स्वतःचा हट्ट, सगळं त्या एका शब्दावर होतं. मी तिच्या शेजारी उभी होते. तिनं भावाकडे पाहिलं. तो कागदाकडे पाहत होता.

"काढली," ती म्हणाली. "एकदा काढली. मी अकेली ने. गंगू नाव तिचं."

देवरावांनी मान वर केली.

"निजामाबादला न्हाई गेली ती," भागूबाई त्याला मराठीत म्हणाली, साठ माणसांसमोर. "इथंच चिक्कडपल्लीत हाय. कालची डाळ मी ताज्या डाळीत मिसळली होती. एकच पळी. गिऱ्हाइकानं विचारलं तर ही भवानी मोठ्यानं म्हणाली, डाळ कालची हाय. पाटीवर नाव मंगलाचं होतं. मी मंगलाला विचारलं न्हाई, कुणालाच न्हाई. दारात उभी राहून म्हणाले, उद्यापासून येऊ नको. ती उठून उभी राहिली, देवा. काही न बोलता उभीच राहिली. मग गेली."

अध्यक्षबाईंना कुणीतरी भाषांतर करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग या व्याख्येप्रमाणे तुम्ही मालक आहात, अम्मा."

"दिसतंय तसं," भागूबाई म्हणाली आणि बसली.

देवरावांच्या हातून तो मसुदा त्याच दुपारी काढून घेतला. हितसंबंध असताना सांगितलं नाही, एवढं कारण फाइलवर आलं, आणि ते खरंच होतं. वर्षाअखेर त्यांचा करार संपला, तो वाढवला नाही. सूट मात्र अध्यक्षबाईंनी मसुद्यात ठेवली. त्यांनी नोंदीत लिहिलं म्हणे की जिच्यासाठी सूट लिहिली असा आरोप आहे तीच बाई तिच्यात बसत नाही, तेव्हा आरोपात दम नाही. हे मला देवरावांनी सांगितलं, आणि सांगताना ते थोडे खूश होते. वाक्य उभं राहिलं होतं. हात वर केल्यावर कुठं ओढतंय ते त्यानं दाखवलं, आणि ओढ निघाली त्यांच्याच घरात.

पण कायदा कधी होईल तो होईल. भागूबाईला थांबायचं नव्हतं. सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी तिनं जेवणं आटोपल्यावर दार लोटलं आणि सगळ्या जणींना बसवलं. मी आणि देवराव कोपऱ्यात. आम्हाला उठवायची आठवण कुणाला झाली नाही.

"मी मालकासारखी वागले," ती म्हणाली. "तवा मी म्हणाले होते तसं चूल विझवायला पायजे."

"आता काय नाटक आहे हे?" मंगला म्हणाली. "विझवायची का नाही हे तू एकटी ठरवणार? मग परत मालकच झालीस की."

कुणीतरी फिस्सकन हसलं. भागूबाई हसली नाही. पुढचा प्रश्न मात्र तिच्या तोंडून मी नऊ वर्षांत पहिल्यांदा ऐकला.

"मग काय करायचं?" ती म्हणाली.

"गंगूचं आधी ठरवू. तेव्हा विचारायचं होतंस ना, आता विचार."

तेव्हा तिनं विचारलं. गंगूला परत घ्यायचं का? वाटे बाराचे तेरा होणार, प्रत्येकीला कमी येणार, हेही तिनंच सांगितलं. मग स्वतःचं मत दिलं: नको. तोंडाळ आहे, गिऱ्हाईक पळवून लावते, आणि मला तिचं तोंड बघायचं नाही. एवढं बोलून हात वर करायला सांगितला. देवरावांनी मोजलं, कारण सवय त्यांना होती. घ्यायचं म्हणणाऱ्या सात. नको म्हणणाऱ्या पाच, त्यात भागूबाई.

"सात," देवराव म्हणाले.

"मला मोजता येतं," भागूबाई म्हणाली.

चिक्कडपल्लीला ती स्वतः गेली, बसने. गंगूनं तिला दारात दहा मिनिटं उभं ठेवलं असं मंगला सांगते. मंगला बरोबर होती, पण मंगला तिखटमीठ लावते, तेव्हा पाच मिनिटं धरा. सोमवारी गंगू आली.

पाटीवर पहिलं नाव तिचंच टाकायचं असं बायकांनी ठरवलं. त्या दिवशी मी जेवायला गेले तेव्हा दारात गंगू बसली होती, पदर खोचून, पैशाचा डबा मांडीवर. मी आत आले तरी उठली नाही. आत भागूबाई भाकऱ्या भाजत होती आणि दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. अजूनही फारशा बोलत नाहीत. गंगू डाळ चाखते आणि मोठ्यानं सांगते ताजी आहे का शिळी, आणि भागूबाई तव्यावर उलथनं आपटते.

देवराव आता रोज येतात, ऑफिस नसल्यामुळे लवकर येतात. परवा त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी चष्मा लावून वाकून पाहिलं. भागू, बाहेर, असं लिहिलं होतं, आणि पुढे कंसात: पुरावा, परत आलेली गंगू.

मी म्हटलं, "आता हे खोडणार का?"

ते म्हणाले, "नको. राहू द्या. वाचणारे आहेत."

आतून गंगूचा आवाज आला, "भाजीत मीठ जास्त हाय, कुणी केली?" आणि भागूबाईचा, "खायची तर खा."